ड्यूकचा कैवारी

आमच्या घरात तीन माणसं राहायची. मी, माझा नवरा ऑब्री, आणि चारशे वर्षांपूर्वी मुंडकं उडवलेला एक ड्यूक. तिघांत सगळ्यात जास्त जागा ड्यूकची. जिन्यावर त्याच्याबद्दलची पुस्तकं, न्हाणीघराच्या खिडकीत त्याच्याबद्दलची टिपणं, आणि जेवायला बसलं की पाहुण्यांच्या ताटात मटण पडायच्या आधी ड्यूक पडायचा. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. गणितात माणूस एकदा मेला की पुन्हा पुन्हा जेवायला येत नाही.

तसा त्याचा जीवनवृत्तांत चार ओळींचा आहे. आठवा हेन्री वारला तेव्हा गादीचा वारस एडवर्ड नऊ वर्षांचा होता. पोराच्या वतीनं राज्य बघायला त्याचा मामा पुढे झाला. हाच आमचा सॉमरसेटचा ड्यूक. जेमतेम अडीच वर्षं त्यानं कारभार केला, मग दरबारातल्या बाकीच्यांनी त्याला खाली खेचलं, आणि पुढे काही काळानं लंडनच्या टेकडीवर त्याचं डोकं उडवलं. माझ्या लेखी गोष्ट इथे संपते. इतिहासकारांच्या लेखी ती इथे सुरू होते, कारण आता त्यांना ठरवायचं असतं की तो चांगला होता की वाईट.

ऑब्रीच्या मते चांगला. राजद्रोहाचे जुने जाचक कायदे त्यानं रद्द केले. गावची कुरणं कुंपण घालून गिळणाऱ्या जमीनदारांची चौकशी लावली. गरिबांची कणव असलेला, आणि म्हणूनच धूर्त लोकांत टिकू न शकलेला माणूस. ऑब्रीनं तरुणपणी हे सगळं एका जाड पुस्तकात लिहिलं आणि त्या पुस्तकावर त्याला नाव मिळालं, नोकरी मिळाली, आणि खरं सांगायचं तर मीही मिळाले. मला वाटलं होतं, मेलेल्या माणसाची इतकी बाजू घेणारा जिवंत बायकोचीही घेईल.

विनीच्या मते तो वाईट होता. विनी म्हणजे विनिफ्रेड थ्रॉसल. ऑब्रीहून चार-पाच वर्षांनी लहान, आधी त्याची विद्यार्थिनी, मग आमची दोघांची मैत्रीण. दर रविवारी ती आमच्याकडे जेवायची. माझ्या हातचा भाजलेला बटाटा तिच्याइतका कुणी खाल्ला नाही. तिनं तेच जुने कागद पुन्हा वाचले आणि तिला दुसराच ड्यूक सापडला. भटक्या गरिबांना डाग देऊन गुलाम करायचा कायदा याच्याच कारकिर्दीतला. स्कॉटलंडच्या लढाईपायी तिजोरी रिकामी करणारा हाच. लंडनला स्वतःचा महाल उठवायला देवळं पाडणारा हाच. सख्ख्या धाकट्या भावाच्या वधाच्या हुकमावर सही करणाराही हाच. कसली कणव नि कसलं काय!

कागद तेच, माणूस तोच, आणि उत्तरं दोन. माझ्या वर्गात असं झालं असतं तर मी दोघांनाही बाकावर उभं केलं असतं.

विनीचं पुस्तक आलं आणि ऑब्रीनं त्याचं परीक्षण लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, ‘मिस थ्रॉसल यांना ड्यूकविषयी सगळं माहीत आहे, फक्त ड्यूक माहीत नाही.’ मी ते छापायच्या आधी वाचलं आणि म्हटलं, काढ. त्यानं काढलं नाही. पुढच्याच अंकात विनीचं उत्तर आलं, ‘डॉ. पेनफोल्ड यांनी एका थोर माणसाचं चरित्र लिहिलं आहे. तो माणूस कोण हे अजून शोधायचं आहे.’ सगळं ऑक्सफर्ड पोट धरून हसलं. त्या रविवारी विनी जेवायला आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही. ऑब्रीच्या कॉलेजचा उंबरा ओलांडणार नाही अशी तिनं शपथ घेतली, आणि ग्रंथालयात दोघं समोरासमोर आले की हवेबद्दल दोन शब्द बोलून आपापल्या टेबलाशी जात. बटाटे मी तेव्हापासून मोजून करू लागले.

हे सगळं चालून गेलं असतं. इंग्लंडात अशा अबोल्यांवर माणसं सुखानं म्हातारी होतात. पण त्या हिवाळ्यात ऑब्रीच्या हृदयाची झडप बिघडली. जिना चढताना तो मध्येच थांबायचा आणि पुस्तक शोधत असल्याचं नाटक करायचा. सर्जन मिस्टर हॅलम यांनी आम्हाला समोर बसवून स्वच्छ सांगितलं, शस्त्रक्रिया केली तर बरीच वर्षं, न केली तर पुढचा हिवाळा बघायची आशा धरू नका. ऑब्री हो म्हणाला. तारीख ठरली. मी त्याची पिशवी भरून दारामागे ठेवली.

त्याच आठवड्यात क्विंटिन चहाला आला. क्विंटिन ऑब्रीचा जुना विद्यार्थी, आता लंडनला एका मोठ्या वर्तमानपत्रात मृत्युलेखांच्या पानावर काम करणारा. त्यांच्याकडे नामांकित माणसांचे मृत्युलेख माणूस जिवंत असतानाच लिहून घेऊन खणात ठेवतात, आणि छापताना लिहिणाऱ्याचं नाव घालत नाहीत. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी विचारत नाही. ऑब्रीनं विचारलं.

“काय रे, माझा तयार आहे का?”

“सर, असं विचारायचं नसतं,” क्विंटिन म्हणाला, आणि आल्याचा केक त्याच्या घशात अडकला.

“म्हणजे आहे. कुणी लिहिलाय?”

“सर, प्लीज.”

“बिशप होऊन बसलेल्या त्या स्मेदरनं? नाही. मग डार्लिंग्टननं? तो तर स्वतःच गेला. मग ड्यूकच्या काळातलं कळणारं आणि अजून धड लिहिता येणारं उरतं कोण...” ऑब्री थांबला. क्विंटिनचे कान लाल झाले होते. बिचाऱ्याला खोटं बोलता आलं असतं तर तो राजकारणाच्या पानावर असता.

“विनी!” ऑब्री म्हणाला. “देवा रे. विनी.”

क्विंटिननं चहा सांडला, माफी मागितली आणि आधीची गाडी पकडून गेला. त्या संध्याकाळी ऑब्रीनं जाहीर केलं की तो शस्त्रक्रिया करून घेणार नाही.

मला आधी वाटलं थट्टा आहे.

“मला मरायची भीती नाही, मार्जरी. पण मी टेबलावर गेलो, तर दुसऱ्या दिवशी ती माझ्यावर शेवटचा शब्द लिहिणार. आणि मला उत्तर देता येणार नाही. संपादकाला साधं पत्र लिहिता येणार नाही!”

“अरे, मेल्या म्हशीला मणभर दूध असतं. तीही चार शब्द बरे लिहील.”

“विनी? विनी मेल्या म्हशीचं दूध मापून सांगेल. पाणी किती होतं तेही सांगेल.”

“मग न केल्यानं काय होणार? पुढच्या हिवाळ्यात तरी तीच लिहिणार ना?”

“तेवढ्या वेळात मी तिला पुस्तकानं उत्तर देईन. नवं पुस्तक. दोन प्रकरणं झालीत.” मग त्याचा आवाज एकदम उतरला. “ड्यूकचं काय झालं ते बघ ना. ज्यांनी त्याला मारलं त्यांनीच त्याच्याबद्दल लिहिलं. निदान त्याच्या मागे मी उभा राहिलो. माझ्या मागे कोण आहे?”

मी आहे, असं मी म्हणणार होते. पण मला माहीत होतं, त्याला मी चालणार नव्हते. त्याला कुणीतरी टिपणांसकट हवं होतं. मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट विनीच्या कॉलेजात गेले. इतक्या वर्षांनी तिच्या खोलीत पाऊल टाकत होते, पण खोली तशीच होती. विजेच्या शेगडीची एकच कांडी पेटलेली, आणि विनी गळ्याभोवती शाल गुंडाळून मुलींचे निबंध तपासत बसलेली. तिनं मला बसवलं, चहा ओतला आणि न विचारता दोन चमचे साखर घातली. मग स्वतःवरच वैतागल्यासारखी कप माझ्याकडे सरकवून दिला.

“ऑब्रीचं कळलं मला,” ती म्हणाली. “कधी आहे?”

“मंगळवारी दाखल व्हायचंय, बुधवारी कापणार. पण तो नाही म्हणतोय. तुझ्यामुळे.”

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिच्या हातातली लाल पेन्सिल थांबली होती.

“क्विंटिन गाढव आहे,” शेवटी ती म्हणाली.

“ते मला माहीत आहे. तू मला एवढंच सांग, काय लिहिलंयस? मी त्याला जाऊन सांगते. नाहीतर लिहायला नकार दे, दुसऱ्या कुणाला देऊ दे.”

“ते नाही जमायचं.”

“अगं, त्याच्या जिवाचा प्रश्न आहे!”

“मार्जरी, नीट ऐक. जिवंत माणसाला त्याचा मृत्युलेख दाखवायचा नाही, हा त्यांचा नियम आहे आणि मला तो पटतो. एकदा दाखवला की तो मृत्युलेख राहत नाही, शिफारसपत्र होतं. आणि त्याच्या हट्टापायी मी एक शब्दही बदलणार नाही. ड्यूकच्या बाबतीत तो चुकला. ते मी लिहिणारच.”

“तुझ्या ड्यूकला आणि त्याच्या ड्यूकला दोघांनाही आग लागो.”

“ड्यूक एकच आहे,” विनी म्हणाली. “तिथेच तर सगळं घोडं अडलंय.” मी उठले तेव्हा तीही उठली. दाराशी येऊन म्हणाली, “त्याला सांग, मूर्खपणा करू नकोस. माझ्याकडून सांग.”

“तूच सांग की.”

तिनं माझ्यासाठी दार उघडून धरलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे दोन सुंभ होते आणि मधे मी.

मंगळवार आला. मी कोट घालून दारात उभी राहिले. ऑब्री खाली आलाच नाही. मी वर गेले, तर तो पांघरूण ओढून ड्यूकच्या खटल्याचं काहीतरी वाचत होता. मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुझा ड्यूक मेला त्याला चार शतकं झाली, त्याला बायको राहिली नाही की भूक राहिली नाही, त्याची काळजी सोड आणि माझी कर. मला चांगला नवरा नको, थोर नको, बरोबर तर नकोच नको, मला जिवंत नवरा हवाय. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ निळसर दिसत होते. “मला समजतंय गं,” एवढंच तो म्हणाला, आणि हलला नाही. मी खाली येऊन इस्पितळात फोन केला आणि त्याला सर्दी झाल्याचं खोटंच सांगितलं. त्यांनी मोठ्या मनानं आणखी तीन दिवस जागा राखून ठेवली. कॉलेजात मी कुणालाच काही कळवलं नाही. लाज वाटत होती.

बुधवारी सकाळी मी शाळेत गेले नाही. ऑब्री अभ्यासिकेत होता, दार किलकिलं. मी पायरीवरचं बर्फाळ पाणी झाडून आत आले आणि पाठोपाठ घंटा वाजली. दार उघडते तो विनी. डोक्यावर टोपी नाही, कोटाची बटणं वरखाली लागलेली, सायकल आमच्या गुलाबाच्या वाफ्यात आडवी पडलेली. विनी थ्रॉसलला मी रडताना कधीच पाहिलं नव्हतं. तिची आई गेली तेव्हाही नाही.

“मार्जरी,” ती म्हणाली. “झेंडा बघितला मी.”

कुठला झेंडा, हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आमच्याकडे कॉलेजचा कुणी फेलो, म्हणजे कायमचा अध्यापक, वारला की कॉलेजच्या मनोऱ्यावरचा झेंडा अर्ध्यावर आणतात. कोण वारलं हे झेंडा सांगत नाही. त्यासाठी फाटकातून आत जाऊन दरवानाच्या खोलीतला फळा वाचावा लागतो. त्या फळ्यावर म्हातारे डॉक्टर हॅडॉक यांचं नाव होतं. नव्वदी कधीच ओलांडलेले, आदल्या रात्री शेरी पिता पिता खुर्चीतच गेलेले. मला पहाटे दरवानाचा फोन आला होता, पण डोकं ठिकाणावर कुठे होतं? विनीनं मात्र ऑब्रीच्या कॉलेजचा उंबरा ओलांडायचा नाही अशी शपथ घेतलेली. ती सायकलवरून जाताना तिला झेंडा दिसला, बुधवार असल्याचं आठवलं, आणि बाईंनी हिशेब पुरा केला. एका कागदावर विश्वास ठेवायचा नाही, दुसरा पुरावा शोधायचा, हे जिनं अख्ख्या पिढीला छडी मारून शिकवलं, ती एका फडक्यावरून माझ्या नवऱ्याला मारून मोकळी झाली होती.

मी तिला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात अभ्यासिकेतल्या खुर्चीचा करकर आवाज ऐकू आला आणि मग थांबला. ऑब्री ऐकत होता. मी तोंड मिटलं. लोक मला काहीही म्हणोत, तेव्हा मला माझ्या नवऱ्याचा जीव हवा होता आणि तो जीव विनीच्या तोंडी होता.

“आत ये,” मी म्हटलं. “बस.”

ती बसली नाही. पिशवीतून टंकलिखित कागद काढला. “मी क्विंटिनला फोन केलाय. उद्याच्या अंकात येईल. त्याआधी तू ऐकावंस असं वाटलं. आता नियम आडवा येत नाही.” तिनं चष्मा पुसला, पुन्हा पुसला. “त्या दिवशी तू एवढी आलीस आणि मी नियम सांगत बसले. मला माफ कर.”

“वाच,” मी म्हटलं.

ती वर्गात वाचते तशी खड्या आवाजात वाचू लागली. सुरुवातीला ऑब्रीचं गाव, शाळा, वडिलांचं दुकान. मग पुस्तक. मग ती म्हणाली, “इथे मी लिहिलंय की ड्यूकच्या कारभाराबद्दल त्यांचं मत आता टिकणारं नाही. गरिबांबद्दल त्याला असलेली कळकळ त्यांनी भावुकपणे वाढवून सांगितली.”

अभ्यासिकेत काहीच हललं नाही. मी मात्र दाराच्या फटीकडे बघितलं.

“पुढे ऐक,” विनी म्हणाली आणि वाचलं, “‘परंतु या लेखिकेला गेली कित्येक वर्षं एका प्रश्नानं झोपू दिलेलं नाही. जर तो इतका अहंकारी, इतका लोभी होता, तर त्याच्या वधाच्या सकाळी एवढी गर्दी का लोटली, माणसं का रडली, आणि त्याच्या रक्तात रुमाल बुडवून घरी का घेऊन गेली? डॉ. पेनफोल्ड यांच्या टीकाकारांनी त्यांचं प्रत्येक विधान खोडलं, पण ती सकाळ कुणाला खोडता आली नाही. सामान्य माणसाला आपल्या राज्यकर्त्याकडून काय हवं असतं, हे ज्याला आतून कळतं तोच त्या सकाळीबद्दल लिहू शकतो. पेनफोल्ड यांना ते कळत होतं. त्यांच्या चुका आम्ही दुरुस्त करू शकलो, कारण प्रश्न त्यांनी विचारले होते.’”

ती थांबली. मला पुढचं दिसत नव्हतं. डोळे भरून आले होते आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही.

“मग फक्त तारखा आहेत,” विनी नाक शिंकरत म्हणाली. “कॉलेजात फेलो म्हणून निवड, एकोणीसशे अडतीस...”

“एकोणचाळीस!” दारामागून आवाज आला.

विनीच्या हातातला कागद खाली पडला. दार उघडलं आणि ऑब्री बाहेर आला. लोकरी झगा, पायात मोजे नाहीत, केस उभे. भुतंसुद्धा याहून नीटनेटकी असतात.

“एकोणचाळीसचा जानेवारी,” तो म्हणाला. “अडतीस नव्हे. तू तेव्हा तिथे होतीस, विनी. तू टाळ्या वाजवल्या होत्यास.”

विनी पांढरीफटक पडली. मग लाल झाली. मग माझ्याकडे वळली आणि मला वाटलं आता ती मला मारणार.

“तू... तो... झेंडा कुणाचा होता मग?”

“हॅडॉकचा,” मी म्हटलं.

“हॅडॉक! तो अजून जिवंत होता?” ती मटकन कोचावर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता पुन्हा रडायला. “मूर्ख म्हातारा! मी रस्ताभर... लाल दिवा तोडून आले मी! पोलिसानं शिटी मारली माझ्यावर!”

“एका झेंड्यावरून?” ऑब्री म्हणाला. “दुसरा पुरावा न बघता?”

“तू गप्प बस. तू मेलायस.”

तो तिच्याजवळ जाऊन बसला. हळूच, एका हातानं छाती धरून. मग त्यानं जमिनीवरचा कागद उचलला, पण वाचला नाही.

“ते रुमालाचं,” तो म्हणाला. “ते तुझ्या पुस्तकात नाही.”

“नाही.”

“का नाही?”

“कारण मला उत्तर येत नव्हतं. तुला येत होतं. आणि तू सांगणार कसा? आपण बोलत कुठे होतो?” विनीनं नाक पुसलं. “त्या परीक्षणातलं ते एक वाक्य, ऑब्री. बाकी सगळ्याला माझ्याकडे उत्तर होतं.”

“मार्जरी म्हणाली होती, काढ म्हणून,” ऑब्री म्हणाला. “काढायला हवं होतं मी.”

मी त्या क्षणी काही बोलले असते तर सगळं बिघडलं असतं, म्हणून बोलले नाही. लग्नात एवढं तरी शिकले होते. ऑब्रीनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी तो मला बघत होता, माझ्या पलीकडच्या कुणाला नाही.

“माझी पिशवी कुठे आहे गं?” त्यानं विचारलं. “आज घेतील का मला?”

दारामागची पिशवी मी रिकामी केलीच नव्हती. मी तिच्याकडे धावणार इतक्यात विनी किंचाळली, “क्विंटिन!” तिनं आमच्या फोनवर झडप घातली. लंडनच्या त्या पोरानं फोन उचलला तेव्हा विनी ओरडत होती, “थांबव! मेलेला नाही! होय, खात्री आहे, माझ्यासमोर बसून बिस्किट खातोय!” पलीकडून क्विंटिन इतका मोठ्यानं ‘देवाची कृपा’ म्हणाला की आम्हाला तिघांनाही ऐकू आलं. पान छपाईला जायला अजून वेळ होता. त्या जागी त्यांनी हॅडॉकचाच लेख घातला असं नंतर कळलं, आणि म्हाताऱ्यालाही त्याच्या लायकीपेक्षा मोठी जागा मिळाली.

शुक्रवारी त्यांनी ऑब्रीला आत नेलं. विनी माझ्याबरोबर बाकावर बसली. तिनं वाचायला काहीतरी आणलं होतं आणि तासभर एकच पान उघडं होतं. मी विणकाम आणलं होतं आणि सगळे टाके चुकवले. दुपारी उशिरा मिस्टर हॅलम बाहेर आले. त्यांचा चेहरा वाचायचा मी प्रयत्न केला आणि मला जमलं नाही.

“झडप झकास बसलीय,” ते म्हणाले. “सगळं ठीक आहे, मिसेस पेनफोल्ड. भूल उतरता उतरता बडबडतायत. कुठल्यातरी ड्यूकबद्दल.”

माझा जीव भांड्यात पडला. खरंच पडला. पाठोपाठ मांडीवरचं विणकामही जमिनीवर पडलं.

“ड्यूकबद्दल काय म्हणाला?” विनीनं विचारलं.

“चांगला होता म्हणाले.”

“अर्धवट शुद्धीत दिलेली साक्ष,” विनी म्हणाली. “ग्राह्य नाही.” मग तिनं हातमोजे डोळ्यांवर दाबले आणि तिचे खांदे हलू लागले. मी तिला जवळ घेतलं. आम्ही दोघी इंग्रज बायका, आणि अशा चारचौघांत गळ्यात पडलेल्या; तिथल्या नर्सना फार अवघडल्यासारखं झालं.

आठवड्याभरानं ऑब्री उशांना टेकून बसला होता. ओठांना रंग आला होता. विनी रोज संध्याकाळी यायची. त्या दिवशी ती आली आणि कोट काढायच्या आत त्यानं तोंड उघडलं.

“‘भावुकपणे’ हा शब्द काढ.”

“कशातून?”

“तुला माहीत आहे कशातून. आणि अडतीसचं एकोणचाळीस कर.”

“एकोणचाळीस करते. ते खरं आहे. ‘भावुकपणे’ राहणार.”

“विनी, तो गुलामगिरीचा कायदा संसदेनं केला होता. एकट्या ड्यूकच्या माथी...”

“संसदेत कुणाचं चालत होतं तेव्हा, सांग बरं?” तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली. “आणि भावाचं काय? सही कुणी केली?”

“करताना त्याचं काळीज फाटलं असणार!”

“असणार! असणार म्हणे! हा शब्द माझ्या मुलींनी लिहिला तर मी शून्य देते. तुला बदलून हवंय ना? मग नीट पुरावा आण. लिही ते पुस्तक. तू आधी गेलास तर मी एक अक्षर हलवणार नाही.”

“मग मला बरीच वर्षं लागतील,” ऑब्री म्हणाला.

“लागू देत की,” विनी म्हणाली. “मला कुठे घाई आहे?”

पलीकडच्या पलंगावरच्या गृहस्थानं वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे बघितलं. यांना कुणी आवरत का नाही, असा त्याचा चेहरा. मी त्याला बघून हसले. ऑब्रीचा आवाज चढत होता, धाप न लागता चढत होता, आणि मी तो ऐकत उभी राहिले. मग दोघांना तसंच भांडत ठेवलं आणि खालच्या उपाहारगृहात गेले. मला सपाटून भूक लागली होती. मी अंडी, सॉसेज आणि भाजलेले बटाटे मागवले, आणि बटाटे दोनदा घेतले.